प्रकरण अकरावे : बाळूचा रिपोर्ट

"चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई," टेबलावर मोठा कागद पसरत ठकी म्हणाली. "ज्यांना कॅन्सर झाला ते काळे करायचे. गेलेल्यांवर तिरकी रेघ."

"म्हणजे आमची आई काळी, आणि वर रेघही," धाकटी म्हणाली. "चांगली गोरीपान होती बिचारी."

बाळू तेवढा गालात हसला. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, ते बघून न बघितल्यासारखं केलं आणि ताईच्या हातातली किटली घेतली. ताईच्या हाताला अजून थोडी थरथर होती. कॅन्सरची औषधं संपून तीन महिने झाले होते, डोक्यावर बोटभर करडे केस आले होते, पण बोटांना मुंग्या यायच्या त्या येतच होत्या. तरीही चहा मीच ओतणार हा हट्ट काही सुटत नव्हता.

दवाखान्यातल्या जनुकांच्या डॉक्टरीणबाईंनी घराण्याचा तक्ता मागितला होता. कोणाला काय झालं, कितव्या वर्षी झालं, कोण कशाने गेलं. त्यासाठी ताईने सगळ्यांना रविवारी दुपारी तीनला बोलावलं होतं, आणि ताईने बोलावल्यावर न येण्याची या घरात कोणाची छाती नव्हती. धाकटी, म्हणजे ताईची आणि बाळूची लहान बहीण, शाळेतले गणिताचे पेपर अर्धे तपासून आली होती. ठकी, म्हणजे बाळूची एकुलती एक लेक, तीन आठवड्यांनी दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला परदेशी निघायची होती. तिची खोलीभर बांधाबांध तशीच टाकून ती पट्टी आणि पेन्सिल घेऊन आली होती. लिफ्ट इन्स्पेक्टर होती ती. रेघ सरळ आली नाही तर तिला चैन पडायचं नाही.

आणि ज्या टेबलावर हा कागद पसरला होता, त्याच टेबलाच्या खणात बाळूच्या नावाचा एक लिफाफा होता. उघडलेला. चार आठवडे तिथेच होता.

हे कसं झालं ते समजायला ताई समजून घ्यायला हवी. लिफ्ट दुरुस्तीच्या घरच्या वर्कशॉपमध्ये तिने अडतीस वर्षं फोन सांभाळला. आधी वडिलांच्या हाताखाली, नंतर बाळूच्या; म्हणजे बोर्डावर मालक म्हणून नाव बाळूचं, पण कुठे जायचं आणि कधी जायचं हे त्याला ताई सांगायची. फोनवर तिचा एकच नियम होता. बिघाड काय आहे ते कळलं तरी मेकॅनिक निघाल्याशिवाय गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला असतो. त्याला "दोर घसरलाय" असं नुसतं सांगून काय साधणार? आधी "माणूस निघालाय" म्हणायचं, बाकीचं मागाहून. चांगला नियम होता. त्या नियमावर कित्येक लोक न घाबरता खाली उतरले.

फक्त ताईने तो नियम घरी आणला. घरातली कुठलीही वाईट बातमी आधी तिच्याकडे यायची. तिने ती पोटात घालायची, उपाय शोधायचा, आणि मग ज्याची त्याला बेताबेताने द्यायची. धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मुलाकडच्यांनी फोन केला तो ताईला. बाळूला बायकोच्या आजारपणात नोकरीवरचा मदतनीस सोडून चालला, तेही आधी ताईला कळलं. कोणाला यात काही वावगं वाटत नसे. उलट बरंच वाटायचं.

म्हणूनच तिघा भावंडांनी रक्त द्यायचं ठरलं तेव्हा तिघांचे फॉर्म ताईने भरले, आणि तिन्ही फॉर्मवर पत्ता स्वतःचा घातला. बाळू तर रक्त द्यायला तयारच नव्हता. "बायकांचं दुखणं आहे, माझा काय संबंध?" असं म्हणत होता. "सोबत म्हणून दे रे," असं म्हणून ताईनेच त्याला नेलं होतं. ताईच्या रक्तात दोष निघाला, ते अपेक्षितच होतं. मग एके दिवशी उरलेली दोन पाकिटं एकाच टपालात आली. ताईने दोन्ही उघडली. धाकटी सुटली होती. तिला ताईने त्याच संध्याकाळी केक नेऊन दिला. बाळूचं पाकीट मात्र खणात गेलं.

ठकीसाठी डॉक्टरीणबाईंची वेळ मागितली तर ती मिळत होती दोन महिन्यांनंतरची. तोवर पोरगी समुद्रापार. मेकॅनिक निघालेला नव्हता, आणि सांगायचं कसं? ताईने फक्त वहिनीला सांगितलं. वहिनी ओट्याला टेकून रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, दोन वर्षं मजेत जाऊ दे तिला. आल्यावर बघू." असं त्या दोघींचं ठरलं.

"मामाआजोबांना काय झालं होतं?" ठकीने विचारलं.

"मामाला लघवीचा त्रास होता," ताई म्हणाली.

"त्रास कसला, प्रोस्टेटचा कॅन्सर होता," धाकटी म्हणाली. "आपल्या घरात त्याला त्रास म्हणायची पद्धत. मावशीला छातीचा त्रास, आजीला पोटाचा त्रास. उद्या कोणी बुडून मेलं तर पाण्याचा त्रास म्हणाल."

ठकीने मामाआजोबांचा चौकोन काळा केला. बाळू बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिला.

"म्हणजे हे बायकांचंच नाही," तो म्हणाला.

"नाहीच मुळी. डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून सांगितलं होतं, दादा." धाकटीने मास्तरणीसारखी बाही सावरली. "पेशी सतत वाढत असतात, एकीच्या दोन होत असतात. ती वाढ आवाक्यात ठेवायला काही जनुकं असतात. त्यांना ट्यूमर सप्रेसर म्हणतात, गाठ होऊ न देणारी. पेशीत काही बिघडलं तर ती दुरुस्त करायची, नाही जमलं तर तिला थांबवायचं, हे त्यांचं काम. आणि प्रत्येकाकडे अशा जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून."

"आणि ताईची एक जन्मतःच बिघडलेली," बाळू म्हणाला.

"हो. आईकडून आलेली. पण दुसरी चांगली असते तोवर भागतं. पुढे आयुष्यात कुठल्यातरी पेशीत ती दुसरीही बिघडली, की त्या पेशीला विचारणारं कोणी उरत नाही. त्यावर आणखी चार गोष्टी बिघडाव्या लागतात, पण सुरुवात तिथून होते."

बाळूने कप खाली ठेवला. "ब्रेकला चाक धरणारे दोन जबडे असतात तसं," तो म्हणाला. "एकट्या जबड्याने लिफ्ट थांबली पाहिजे, असाच ब्रेक बनवतात. एक गेलेला असला तरी लिफ्ट चालते. वर जाते, खाली येते. आतल्या माणसाला पत्ताही नसतो."

"म्हणून तर आम्ही एकेक जबडा मोकळा करून वेगळा तपासतो," ठकी म्हणाली. "दोन्ही मिळून थांबतात ते बघून काही कळत नाही."

"आणि मुलांना?" बाळूने विचारलं. त्याने प्रश्न धाकटीला विचारला, पण बघत होता चहाच्या बशीत. "एक चांगली, एक बिघडलेली, असं असलेल्या माणसाच्या मुलांना?"

"दोनातली एक जाते. कुठली जाईल ते नाणं उडवल्यासारखं. निम्मी शक्यता."

"बाप असला तरी?"

"बाप असला तरी. मुलगा असो, मुलगी असो."

वहिनीने बिस्कीट चहात बुडवलं आणि ते तिथेच विरघळून तळाला गेलं. हा एवढं खोदून का विचारतोय, असं ताईला वाटून गेलं. बाळूला कुठल्याही गोष्टीत एवढा रस घेताना तिने कधी पाहिलं नव्हतं, नवीन मोटर सोडली तर.

"तुझा चौकोन मी तसाच ठेवते, बाबा," ठकी म्हणाली. "प्रश्नचिन्ह घालते. आत्या, लॅबवाल्यांनी काही कळवलं?"

"तेच, नमुना खराब झाला म्हणे. परत घेणार आहेत," ताई म्हणाली. इतकं सहज म्हणाली, की तिची तिलाच लाज वाटली.

धाकटीने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. एकाच दिवशी, एकाच खुर्चीवर बसून, एकामागोमाग दिलेलं रक्त. एकाचा नमुना खराब व्हावा आणि त्यालाही चार आठवडे लागावेत, हे गणित तिला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. पण ताईला खोटं पाडायची सवय तिलाही नव्हती.

"आता वयं," ठकी म्हणाली. "पणजी?"

"काही ठाऊक नाही. आई लहान असतानाच गेली."

"मावशीआजी?"

"अडतीस."

"आजी?"

"एकेचाळीसाव्या वर्षी गेली," ताई म्हणाली.

"गेली कधी ते नको, आत्या. कळलं कधी ते हवंय. गाठ हाताला कधी लागली?"

हे ताईला आजवर कोणी विचारलं नव्हतं. कधी गेली, कशी गेली, किती हाल झाले, हे सगळ्यांनी विचारलं होतं.

"चाळिसाव्या वर्षी," ती सावकाश म्हणाली. "थंडीत लागली हाताला. सांगितलं उन्हाळ्यात."

"का?"

"माझी शालान्त परीक्षा होती."

वर्कशॉपमध्ये फोन घ्यायला सतराव्या वर्षी बसलेली ही बाई त्या परीक्षेत पहिल्या दहात आली होती, ही गोष्ट घरात सगळ्यांनी शंभरदा ऐकली होती. ती गोष्ट या बाजूने कोणी ऐकली नव्हती.

"पेपर संपले त्या दिवशी आईने मला जवळ बसवलं," ताई म्हणाली. "म्हणाली, आता तुझं झालं ना नीट, आता सांगते. मला तेव्हा किती मोठेपणा वाटला होता तिचा. अजूनही वाटतो."

"आणि तू?" धाकटीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण तिला राग आला होता. "तुझं पोट फुगायला लागलं ते कधी, आणि दवाखान्यात गेलीस कधी? ते पण सांग की तिला. लिहायचंय ना तक्त्यात."

"धाकटे, ते नको आता."

"चार महिने, ठकी. चार महिने गॅस झालाय म्हणून पुदिना खात बसली. तुझी इन्स्पेक्टरची परीक्षा होती. तू तिच्याकडे राहून अभ्यास करत होतीस आणि ही तुला रोज दूध गरम करून देत होती."

ठकीच्या हातातली पेन्सिल थांबली. "आत्या, खरं आहे हे?"

"तुझं पोरी आयुष्याचं काम होतं," ताई म्हणाली. "माझं काय, चार महिने इकडे तिकडे."

"डॉक्टर काय म्हणाले होते ते तुला माहितेय. चार महिने आधी आली असतीस तर..." धाकटी म्हणाली.

"माहितेय."

ठकीने वर पाहिलं नाही. तिने आजीच्या गोलाखाली चाळीस लिहिलं, ताईच्या गोलाखाली बासष्ट लिहिलं, आणि मग त्या दोन आकड्यांच्या मध्ये पेन्सिल धरून बसून राहिली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. लहानपणी रडू दाबताना तिचा असाच व्हायचा.

ताईला मग जे कळलं, ते आधीच कळायला हवं होतं. आईने तिच्यासाठी थांबवलं. तिने ठकीसाठी थांबवलं. आणि आता ठकीचंच, पुन्हा ठकीच्याच नावाने थांबवून ठेवलं होतं. तीन आठवड्यांनी ही पोरगी विमानात बसेल, दोन वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्टचे ब्रेक एकेक करून तपासेल, आणि तिला स्वतःला कोणी एकदाही तपासणार नाही. या बाबतीत दोन वर्षं म्हणजे किती, हे या टेबलावर ताईइतकं कोणाला ठाऊक होतं?

तिने खण ओढला. वहिनी अर्धवट उठली आणि म्हणाली, "ताई, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. माझं चुकलं होतं, वहिनी. तुमचं नाही."

तिने लिफाफा बाळूच्या पुढ्यात ठेवला. "नमुना खराब झाला नव्हता. चार आठवड्यांपूर्वी आलाय हा. मी उघडला."

बाळूने लिफाफ्याला हात लावला नाही. तो ताईकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता, आश्चर्य होतं.

"तुलाही माहीत होतं?" तो म्हणाला.

"तुलाही म्हणजे?"

"मी गेलो होतो, ताई. मागच्या मंगळवारी. त्या दवाखान्याच्या जवळच काम निघालं, म्हटलं विचारून यावं. बाईंनी बसवून सगळं सांगितलं." त्याने मान खाली घातली. "तुझी तब्येत आत्ता कुठे रुळावर येतेय, म्हणून तुला बोललो नाही. हिला बोललो नाही, ही रडते म्हणून."

"मला चार आठवडे माहितेय," वहिनी म्हणाली. "तुम्ही रडाल म्हणून मी बोलले नाही."

नवराबायको एकमेकांकडे बघत राहिली. मंगळवारपासून दोघं एका घरात, एका ताटासमोर, एकमेकांना जपत बसली होती. दुसरी कुठली वेळ असती तर ताईला हसू आलं असतं.

"मला कोणी सांगितलं नव्हतं," धाकटी म्हणाली. "पण मला दोन आणि दोन मिळवता येतात."

ठकीने पेन्सिल टेबलावर ठेवली. सावकाश, कडेला समांतर ठेवली.

"म्हणजे या टेबलावर सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "ज्याच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, ती एक मी सोडून."

"ठकू..." बाळू म्हणाला.

"थांब बाबा. आत्या, नाव बाबांचं होतं त्याच्यावर. तू उघडलंस कसं?"

"आजवर उघडत आले तसं."

"आणि मी गेले असते तर?"

"गेली असतीस," ताई म्हणाली. "सांगितलं नसतं मी. खोटं कशाला बोलू. तुझी वेळ मिळत नव्हती डॉक्टरांची, हे कारण मी स्वतःला देत होते. पण खरं कारण ते नाही. सोबत म्हणून चल, असं म्हणून त्याला मीच ओढत नेलं होतं. नेलं नसतं तर कळलंच नसतं, असं वाटायचं. कळलं नाही तर नसतंच, असंही वाटायचं. या वयात एवढी अक्कल." तिने उघडा खण आत ढकलला. "चुकलं माझं, पोरी."

ताईच्या तोंडून हे शब्द या घराने कधी ऐकले नव्हते. धाकटीने चष्मा काढून पुसायला घेतला.

"चूक तिची कशाला," बाळू एकदम म्हणाला. "माझीच आहे. मी दिलंय. दिलंच असलं तर मी दिलंय तुला. माझा हा एवढा मोठा देह, कधी साधा ताप नाही, आणि आत हे घेऊन फिरतोय. मला काय माहीत, ठकू. मला वाटलं, बायकांचं दुखणं." आणि साठीचा, खांद्यावरून मोटरी वाहिलेला तो माणूस दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून रडायला लागला. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तीही रडत होती.

ठकी उठून बापाच्या मागे उभी राहिली. तिने त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

"निम्मी शक्यता आहे, बाबा. धाकट्या आत्याने आत्ताच सांगितलं ना. तू काही जाणूनबुजून दिलेलं नाहीस, आणि दिलंयस का तेही अजून माहीत नाही. आणि तुझी पण तपासणी आहे. मामाआजोबांचा चौकोन बघ. तू सुटला नाहीस, कळलं? वर्षातून दोनदा जायचंस."

"जाईन," बाळू म्हणाला.

मग ती ताईकडे वळली. तिचा राग गेलेला नव्हता. ताईला तो दिसत होता, आणि तो जाऊ नये असंच कुठेतरी तिला वाटत होतं.

"उद्या सकाळी मी जाऊन रक्त देते. डॉक्टरांची वेळ नाही मिळाली तर तिथे बसून राहीन. पत्ता माझा देणार. निकाल मी उघडणार, एकटीने. मग तुला सांगायचं का, कधी सांगायचं, ते मी ठरवीन. लगेच सांगेन, नाहीतर महिन्याने सांगेन. तू विचारायचं नाहीस."

ताईच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. निदान निकाल येईल त्या दिवशी मी शेजारच्या खोलीत बसते. निदान वहिनीला तरी सांग. निदान उपाशी पोटी जाऊ नको. चाळीसहून अधिक वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं, की या घरावर काही येणार आहे आणि ते ताईला सगळ्यांच्या आधी कळणार नाही.

"बरं," ती म्हणाली.

"नक्की?"

"नाही विचारणार."

ठकी परत खुर्चीत बसली.

"पण रक्त द्यायला तू चल," ती म्हणाली. "मी विसाव्या मजल्यावर लिफ्टच्या उघड्या खड्ड्यात उतरते, पण सुई बघितली की मला घेरी येते. आईबाबांना नेलं तर ती दोघं माझ्याआधी पडतील."

"येते की," ताई म्हणाली. "पण मला बाहेर बाकावर बसव. आत आले तर त्या नर्सला सुई कुठे टोचायची ते मीच सांगायला लागेन."

"आतच ये," ठकी म्हणाली. "नुसता हात धर. आणि बोलू नकोस."